लॉराच्या टर्बोवर झिर्कोनियाचा थर : माझा अनुभव

माझ्याकडे २०११ची स्कोडा लॉरा १.८ टीएसआय आहे. तिची जुळणी आपल्याच शेंद्र्याच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या कारखान्यात झालेली. या इंजिनाची एक्झॉस्टची बाजू मागे, फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याकडे असते. सिलिंडरांतला जळका वायू एकत्र आणणारा मॅनिफोल्ड आणि त्या वायूच्या झोताने फिरणाऱ्या टर्बोच्या चाकाचे कवच, म्हणजे टर्बाइन हाउसिंग, हे दोन्ही एकाच ओतकामात घडवलेले असतात. म्हणजे बॉनेटखालचा सर्वांत तप्त भाग नेमका जिथे समोरून येणारा वारा पोहोचत नाही, तिथे बसवलेला आहे. पूर्ण भारावर चालणाऱ्या पेट्रोल टर्बो इंजिनातून बाहेर पडणारा वायू ९०० ते १००० अंश सेल्सिअसच्या घरात असतो. एप्रिल-मे महिन्यांत साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा चढ चढून वर आलो की फायरवॉलजवळचा भाग किती तापलेला असतो, ते बॉनेट उघडताच चेहऱ्याला जाणवत असे. त्या बाजूच्या वायरिंगवरचे आवरण कडक होऊन तडकू लागले होते आणि कूलंटचा एक होज त्याच कारणाने बदलावा लागला होता. टर्बोचे काम निघालेच होते, तेव्हा ही उष्णता आवरण्याचे कामही त्याच वेळी नीट करून घ्यायचे मी ठरवले.

पर्याय तीन होते. पहिला, मॅनिफोल्ड आणि पाइपवर गुंडाळायची फायबरची पट्टी. ती स्वस्त असते, परंतु पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि खालच्या धातूला गंज लावते. कोकणात वरचेवर जाणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरा, फवारून भट्टीत भाजायचे सिरॅमिक कोटिंग, ज्याचा थर साधारण २५ ते ५० मायक्रॉनचा असतो. गंज रोखण्यासाठी आणि दिसण्यासाठी ते उत्तम, उष्णताही काही प्रमाणात अडवते. तिसरा, प्लाझ्मा स्प्रेने (अतितप्त वायूच्या झोतात पावडर वितळवून फवारण्याच्या पद्धतीने) चढवलेला झिर्कोनियाचा, म्हणजे झिर्कोनियम ऑक्साइड या सिरॅमिकचा थर, म्हणजे विमानांच्या आणि वीजनिर्मितीच्या गॅस टर्बाइनमध्ये वापरतात त्याच जातीचा. त्याची जाडी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असते. बिडाची उष्णतावाहकता ४० वॅट प्रति मीटर-केल्विनच्या पुढे धरली, तर अशा फवारलेल्या झिर्कोनियाची त्याच एककात १च्या जवळपास भरते. मी हा तिसरा पर्याय निवडला.

भोसरी आणि चाकणच्या पट्ट्यात ब्लास्टिंग आणि कोटिंगचे जॉबवर्क करणारे पुष्कळ आहेत, पण 'सिरॅमिक' या एका शब्दाखाली काय काय विकले जाते ते पाहून सावध व्हावे लागते. एका ठिकाणी मला जे दाखवले, तो सायलेन्सरला मारायचा चंदेरी रंग होता. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी तेच प्रश्न विचारले : पावडर कोणती, खाली बाँड कोट (सिरॅमिकला धातूशी जोडणारा थर) कशाचा, आणि कोणते पृष्ठभाग झाकून ठेवणार. शुद्ध झिर्कोनिया तापवताना सुमारे ११७० अंशांवर आपली स्फटिकरचना बदलते आणि आकारमानातील फरकामुळे तडकते. त्यात वजनाने ६ ते ८ टक्के यिट्रिया (यिट्रियम ऑक्साइड) मिसळले की ती रचना स्थिर राहते. शिवाय धातू आणि सिरॅमिक तापल्यावर सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे दोहोंच्या मध्ये निकेल-क्रोमियम-ॲल्युमिनियम-यिट्रियम मिश्रधातूचा पातळ थर लागतो, जो दोघांनाही धरून ठेवतो. पंपांचे शाफ्ट आणि व्हॉल्व्हचे भाग फवारणाऱ्या एका छोट्या कारखान्याच्या मालकांनी ही सगळी उत्तरे न अडखळता दिली आणि उलट मलाच विचारले, "भाग क्रॅक-चेक केलाय का? आधी ते करा, मग माझ्याकडे आणा."

टर्बो उतरवण्याचे काम माझ्या नेहमीच्या गॅरेजमध्ये झाले. स्टडना आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवले होते, तरी दोन स्टड तुटून हातात आलेच. मधला बेअरिंगचा भाग हाउसिंगपासून सोडवण्यापूर्वी फिटरने दोन्हींवर जुळणीच्या खुणा करून घेतल्या. त्यानंतरची डाय पेनिट्रंट तपासणी मी जवळ उभा राहून पाहिली. साफ केलेल्या बिडावर लाल द्रव लावून थोडा वेळ मुरू दिला, वरवरचा पुसून काढला आणि पांढरा डेव्हलपर फवारला. काही मिनिटांतच वेस्टगेटच्या (जादा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या) सीटशेजारी केसाएवढी एक लाल रेघ त्या पांढऱ्यावर उमटली. ती आरपार नव्हती आणि सीटच्या कडेला पोहोचलेली नव्हती, त्यामुळे भाग वापरण्याजोगा ठरला. पण ती कुठे आणि किती लांब आहे, याचा फोटो मी मोजपट्टी ठेवून काढून घेतला.

आता मुख्य प्रश्न होता तो आतून की बाहेरून याचा. तत्त्वतः थर आतल्या बाजूला असणे अधिक चांगले, कारण तेव्हा उष्णता वायूतच राहते, टर्बाइनपर्यंत पोहोचते आणि धातूही थंड राहतो. बाहेरून थर दिला की बॉनेटखाली गारवा मिळतो, पण धातूचे स्वतःचे तापमान वाढते. मी हे बोलून दाखवल्यावर कारखान्याचे मालक म्हणाले, "साहेब, गनला समोर जे दिसतं तेवढ्यावरच पावडर बसते. वळणाच्या आत ती बघूच शकत नाही." प्लाझ्मा स्प्रे सरळ रेषेतच जातो, हे त्याचे वास्तव आहे. आणि कसेबसे आत चढवलेले कोटिंग सुटले, तर तो कण मिनिटाला दीड लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या टर्बाइनच्या पात्यांवर जाऊन आदळणार. म्हणून फक्त बाहेरून थर द्यायचा, वाढीव तापमान भाग सोसेल इतपतच गाडी दामटायची आणि त्या रेघेवर नजर ठेवायची, असा निर्णय मी विचारपूर्वक घेतला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या कवचाला मात्र हात लावू दिला नाही. त्याच्या आत रासायनिक क्रियेमुळे स्वतःचीच उष्णता निर्माण होत असते आणि ती बाहेर पडायला वाट हवी. कंपनीची मूळ हीट शील्ड तिथे पुरेशी आहे.

'इंजिन उघडलंच तर पिस्टनलाही मारून घ्या' असा सल्ला मला मिळाला होता. तो मी मानला नाही. १९८०च्या दशकात कमिन्सने अमेरिकी लष्करासाठी शीतकरणाशिवाय चालणाऱ्या डिझेल इंजिनाचे प्रयोग केले, ज्यात उष्णता आतच राहावी म्हणून सिलिंडरच्या आतले भाग सिरॅमिकने झाकत. अशा कायम तापलेल्या भिंतींचा दोष हा, की आत येणारी हवाच तापते आणि सिलिंडरमध्ये कमी मावते. टोयोटाने २०१५च्या २.८ लिटर जीडी डिझेलमध्ये पिस्टनच्या माथ्यावर अतिशय पातळ, सच्छिद्र थर दिला तो याच कारणाने : तो ज्वलनाबरोबर तापतो आणि लगेच निवतो. पेट्रोल टर्बोमध्ये तर तापलेला माथा म्हणजे नॉकिंगला, म्हणजे इंधन अवेळी आपोआप पेटण्याला, निमंत्रण.

फवारणीच्या दिवशी सर्वाधिक वेळ झाकण्यात गेला, आणि बिलातही पावडरीपेक्षा मास्किंगचीच रक्कम मोठी होती. फ्लँजचे पृष्ठभाग, स्टडची भोके, वेस्टगेटच्या शाफ्टचे बुश आणि टर्बाइनचे चाक फिरते ती पोकळी हे सर्व बंद केले. चाक आणि हाउसिंग यांतली फट मिलिमीटरच्या अंशांत असते, तिथे एक कणही चालत नाही. भाग आधी भट्टीत तापवून बिडात मुरलेले तेल जाळून काढले, मग ॲल्युमिनियम ऑक्साइडने ब्लास्टिंग केले. राखाडी, खरखरीत झालेल्या त्या पृष्ठभागाला नंतर कोणी उघडा हात लावला नाही, कारण बोटांचे तेलही थर सुटायला पुरते. काळ्या काचेआडून पाहताना गनच्या तोंडाशी पांढरीशुभ्र ज्वाळा दिसत होती आणि हाउसिंग फिरत असताना त्यावर मळकट पांढरा थर एकेका फेरीने चढत होता.

परिणाम मोजण्यासाठी इन्फ्रारेड गन मी मुद्दाम टाळली. पृष्ठभाग बदलला की त्याची उत्सर्जकता (उष्णता किरणांच्या रूपात फेकण्याची क्षमता) बदलते, आणि ठरावीक मूल्यावर बसवलेली गन मग तुलनेला उपयोगाची राहत नाही. फायरवॉलवर एकाच जागी के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवून खंबाटकीचा तोच चढ, तोच गिअर आणि जवळपास तेच बाहेरचे तापमान साधून केलेल्या मोजणीत फरक वीस अंशांच्या आसपास आला. हे अपेक्षित होते : उत्सर्जन निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने बदलते, त्यामुळे बाहेरचा पृष्ठभाग ७०० वरून ५०० अंशांवर आला, तर तितक्याच उत्सर्जकतेला तो फेकत असलेली उष्णता सुमारे ४० टक्क्यांवर येते. टर्बो लवकर भरतो असे मात्र मला जाणवले नाही, आणि फक्त बाहेरच्या थराकडून कोणी ती अपेक्षा ठेवू नये.

एक सवय मात्र अधिक कडक केली आहे. हाउसिंग आता उष्णता जास्त वेळ धरून ठेवते आणि गाडी बंद केल्यावर ती बेअरिंगकडे सरकते, जिथे साचलेले तेल जळून कोळसा होऊ शकतो. या इंजिनात गाडी बंद झाल्यावर टर्बोमधून कूलंट फिरवणारा छोटा विजेचा पंप आहे, तरीही घाटानंतर मी शेवटचे काही किलोमीटर हळू चालवतो आणि दोन मिनिटे आयडलवर ठेवूनच चावी फिरवतो. ऑइल बदलताना हीट शील्ड काढून टॉर्चने पाहिले, तेव्हा एका फ्लँजच्या कोपऱ्यावर, जिथे पान्याचा घाव बसला होता, तेवढ्यापुरता टवका उडालेला दिसला. बाकी थर शाबूत आहे. वेस्टगेटजवळची रेघ पाहायला टर्बो पुन्हा उतरवावा लागेल, ते पुढच्या टायमिंग चेनच्या कामात करायचे असे गॅरेजमध्ये सांगून ठेवले आहे आणि फोटो त्यांच्याकडेही देऊन ठेवला आहे.