तुम्ही विचारलंत म्हणून: लागोस नव्हे, एनुगू

"नायजेरियात होतात म्हणजे लागोसलाच ना?" लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, नव्या शेजाऱ्यांकडच्या पहिल्या चहाला हा प्रश्न ठरलेला. "नाही हो, एनुगूला," म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. मग दुसरा प्रश्न येतो, "म्हणजे खेडंबिडं होतं का?"

खेडं कसलं, राजधानी होती. फक्त कशाची राजधानी, हे सांगायला जरा वेळ लागतो. तुम्ही विचारलंच आहे, तर बसा.

आम्ही दोघं 1980 ते 1985 तिथे शिकवत होतो. मी गणित, हे फिजिक्स. तेलाच्या पैशावर तिकडे शाळा भराभर निघत होत्या आणि भारतातून शिक्षक बोलावले जात होते. आम्ही नागपूरचे. 1956 पर्यंत राजधानीत राहत असल्याचा माझ्या आजोबांचा रुबाब मी ऐकतच मोठी झालेली, त्यामुळे एनुगूचं दुखणं मला लवकर कळलं.

गंमत नावापासूनच आहे. तिथल्या लोकांच्या इग्बो भाषेत 'एनू उग्वू' म्हणजे डोंगराचा माथा, आणि शहर वसलंय डोंगराच्या पायथ्याशी. माथ्यावर होतं ते एन्ग्वो लोकांचं गाव. 1909 मध्ये इंग्रज चांदी शोधायला आले आणि उडी नावाच्या डोंगरात त्यांना सापडला कोळसा. 1915 मध्ये खाण सुरू झाली, पुढच्याच वर्षी पोर्ट हारकोर्ट बंदरापर्यंत रेल्वे आली. खाली मजुरांच्या वस्त्या पडल्या आणि नाव मात्र वरच्या गावाचं चिकटलं. जुन्या वस्तीला आजही 'कोल कॅम्प' म्हणतात.

म्हणजे ना नदीकाठचं जुनं बंदर, ना कुठल्या राजाची गादी. तसाही इग्बो लोकांना राजा हा प्रकार फारसा मानवत नाही. त्यांची म्हणच आहे, 'इग्बो एन्वे एझे', इग्बोंना राजा नसतो. काही गावांत होते, पण बहुतेक ठिकाणी वडीलधारे बसून तासन्‌तास वाद घालायचे आणि निर्णय घ्यायचे. अशा माणसांच्या मुलखात परक्यांनी कोळशासाठी वसवलेलं गाव आधी कारभाराचं ठाणं झालं, मग अख्ख्या पूर्व प्रांताची राजधानी. आणि गंमत म्हणजे त्यांनी ते आपलं मानलं. कसं, ते मला आमच्या घरमालकांच्या वडिलांनी सांगितलं.

बाबा तरुणपणी खाणीत कोळशाचे डबे ढकलायचे. संध्याकाळी ओट्यावर बसून एक शब्द फार चवीने उच्चारायचे, 'वेलू न्वायो'. म्हणजे सावकाश घ्या. थकलेल्या पगारासाठी 1949 मध्ये मजुरांनी संप पुकारला नाही, खाणीत उतरून नुसतं सावकाश काम केलं. सरकारला भीती वाटली ती खाणीतल्या स्फोटकांची. ती हलवायला 18 नोव्हेंबरला इव्हा व्हॅलीतल्या खाणीवर पोलीस गेले. मजूर जमले. कपड्यांना लाल चिंध्या बांधलेल्या, गाणी चाललेली, नाच चाललेला. गोऱ्या अधिकाऱ्याला तो नाच म्हणजे हल्ला वाटला आणि त्याने गोळीबाराचा हुकूम दिला. 21 माणसं मेली, 51 जखमी झाली. बाबा मागच्या रांगेत होते म्हणून वाचले. "नाच आणि लढाई यातला फरक आमच्याकडच्या शेळीलाही कळतो," असं ते म्हणायचे आणि तंबाखूची डबी बंद करायचे.

त्या गोळीबाराने देशभर आग लागली. खाण इंग्रजांची होती, पण त्या दिवसापासून शहर इग्बोंचं झालं, असं मी तरी समजते.

1967 चं तुम्ही ऐकलं असेल. 30 मे रोजी पूर्व प्रांताचे लष्करी गव्हर्नर ओजुक्वू यांनी नायजेरियातून फुटून बियाफ्रा हा वेगळा देश जाहीर केला तो इथूनच. नव्या देशाची राजधानी म्हणून एनुगूच्या वाट्याला चारच महिने आले. 4 ऑक्टोबरला नायजेरियाच्या संघराज्याचं सैन्य शहरात शिरलं, तोवर लोक निघून गेलेले होते. युद्ध मात्र जानेवारी 1970 पर्यंत चाललं आणि भुकेने किती लेकरं गेली ते सगळ्या जगाने फोटोंत पाहिलं. परतलेल्यांना बँकेतल्या जुन्या पैशांच्या बदल्यात, खात्यात कितीही असोत, वीस पौंड मिळाले. आमच्या शाळेतल्या शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत प्रत्येक घरात हा वीस पौंडांचा हिशेब होता. भुकेबद्दल मात्र कुणी आपणहून बोलत नसे.

बोलायचे ते फुटबॉलवर. युद्ध संपल्याच्या वर्षी रेंजर्स हा संघ उभा राहिला आणि 1974 मध्ये देशाचा विजेता झाला. आम्ही असताना 1981, 1982 आणि 1984 अशी तीनदा लीग जिंकली. रेंजर्स हरले की सोमवारी वर्गात गणित शिकवण्यात अर्थ नसे.

आता एनुगू कशाकशाची राजधानी होती ते. आधी अख्खा पूर्व प्रांत, पार समुद्रापर्यंतचा. मग त्यातला फक्त इग्बो मुलूख. 1976 मध्ये इमो वेगळं निघालं. आम्ही होतो तेव्हा एनुगू ही अनाम्ब्रा राज्याची राजधानी होती. 1991 मध्ये अनाम्ब्राही गेलं आणि उरलं नुसतं एनुगू राज्य. 1996 मध्ये त्याचाही एक लचका एबोनी या नव्या राज्याला. शहर वाढत राहिलं, राज्य आटत गेलं. आमचं नागपूर निदान उपराजधानी तरी आहे.

खायचं काय, हेही विचारता. सकाळी सहाला गल्लीत हाक यायची, "ओक्पा दि ओकू!" गरम ओक्पा! भुईमुगासारखी जमिनीत येणारी एक शेंग असते. तिच्या दाण्यांचं पीठ, पाम तेल, मिरची, सगळं पाण्यात सरबरीत कालवून केळीच्या पानात बांधून उकडायचं. पान सोडलं की आत पिवळाधमक, थरथरता गोळा. कोथिंबीर वडीचा न तळलेला उंडा डोळ्यांसमोर आणा, त्याहून मऊ. शाकाहारी बाईला एनुगूने जगवलं ते ओक्पावर.

आणि कोला. बाटलीतला नव्हे, एका झाडाचं चघळायचं बी. आपल्याकडे पानसुपारी, तसा तिकडे पाहुण्यापुढे कोला. 'जो कोला आणतो तो आयुष्य आणतो' असं म्हणतात. घरातला वडीलधारा पुरुष तो हातात धरून प्रार्थना करतो, तीही इग्बोतच, कारण कोलाला इंग्रजी कळत नाही. मग फोडून पाकळ्या मोजतात. चार निघाल्या की सगळे खूश, कारण त्यांच्या आठवड्याचे बाजाराचे दिवसही चारच: एके, ओरिये, आफो, न्क्वो. बायकांनी कोला फोडायचा नाही. पाच वर्षं मी नुसती बघत राहिले, आणि ते मला आवडलं नाही ते नाहीच.

निघताना बाबांनी मला एक अख्खा कोला दिला. यांना नव्हे, मला. मी विचारलं, याला मराठी कळेल का? ते म्हणाले, "रोज बोल त्याच्याशी."

नागपूरला येईपर्यंत तो वाळून टणक झाला. कपाटात ठेवला होता. एका दुपारी सासूबाईंनी सुपारी समजून अडकित्त्याने कातरला, तोंडात टाकला आणि थुंकत बाहेर आल्या. "पाहुण्यांना हे असलं कडूजहर देतात तुमच्याकडे?"