पाबे खिंड - भोर - मांढरदेवी लूप आणि अल्ट्रासाठी हलकी एमटीबी

मागच्या नोव्हेंबरात पुणे, खडकवासला, खानापूर, पाबे खिंड, वेल्हे, नसरापूर, कापूरहोळ, भोर, मांढरदेवी, वाई आणि हायवेने परत पुणे असा लूप मारला, अंतर सव्वादोनशेच्या आसपास. लांब पल्ल्याच्या सेल्फ सपोर्टेड (बाहेरची मदत न घेता चालवायच्या) अल्ट्रा रेससाठी जी हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक) तयार करतोय ती पूर्ण सामानासकट कशी चालते ते बघायचं होतं. कोणी अशी तयारी करत असेल तर हा रूट खरंच करून बघा, सपाट, खराब डांबर, खडी, लांब चढ, लांब उतार, सगळं एका दिवसात मिळतं.

आधी वजनाचं बोलतो कारण सगळे तेच विचारतात. सायकल पेडलसकट अकरा किलोच्या आत बसवलीये, रिजिड (सस्पेन्शन नसलेला) कार्बन फोर्क लावल्यावर सस्पेन्शनच्या मानाने सगळ्यात जास्त वजन तिथेच वाचलं. पण हिशोब करून बघा, आपण, सायकल, सामान, पाणी मिळून ९० किलो धरले तर एक किलो कमी केल्याने तासाभराच्या चढात वाचतात साधारण ४० सेकंद. आणि टपरीवर थांबून बॅगेच्या तळातून पंप शोधण्यात पाच मिनिटं सहज जातात. ६०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) ४० तासांत संपवायची असते, त्यात जेवण, झोप, पंक्चर सगळं आलं, घड्याळ थांबत नाही. म्हणून माझं ठाम मत झालंय की पैसे घालायचे तर न थांबता चालत राहता येईल अशा गोष्टींवर घाला, ग्रॅम नंतर.

गिअर १x१२ आहेत, म्हणजे पुढे एकच चक्र (चेनरिंग) ३२ दात्यांचं, मागे बारा चक्रं, १० ते ५१ दात्यांची. सगळ्यात हलक्या गिअरला पेडलच्या एका फेरीत सायकल जेमतेम दीड मीटर पुढे जाते, म्हणजे ६० केडन्सला (मिनिटाला पेडलच्या ६० फेऱ्या) ताशी पाच किमी. ऐकायला हळू वाटतं पण भोरहून मांढरदेवीचा चढ दुपारी शंभराच्या वर किमी पायात असताना सुरू होतो, तेव्हा गुडघे वाचवायला हाच गिअर लागतो. दुसऱ्या टोकाला ९० केडन्सला जवळपास ताशी ४० मिळतात, हायवेला त्याच्यापुढे पेडल मारायची गरजच नाही. ३४ ची चेनरिंग लावू का असं बरेच जण विचारतात, सह्याद्रीत तरी लावू नका.

आता टायर. २.२ इंच रुंदीचे, मधे कमी खाचांचे, ट्यूबलेस (आत ट्यूबऐवजी छोटी भोकं बुजवणारं द्रव सीलंट), माझ्या वजनाला पुढे २४ आणि मागे २७ पीएसआय. इथे एक गोष्ट प्रत्यक्ष बघायला मिळाली. पाबे खिंडीच्या चढावर रस्त्याच्या कामाची ताजी खडी पसरलेली होती, सोबतच्या मित्राचा मागचा टायर एका धारदार दगडावर चिरला, साइडवॉलच्या (टायरच्या बाजूच्या भिंतीच्या) अगदी कडेला, सीलंटचा पांढरा फवारा उडून सीटपोस्टपर्यंत गेला आणि चीर काही बुजेना. त्याने वजन वाचवायला पातळ साइडवॉलचे रेसिंग टायर घेतले होते. प्लग (चिरेत खुपसायची रबरी पट्टी) घातला, निसटला, दोन प्लग शेजारी शेजारी घातले तेव्हा कुठे हवा धरली, पण भरवसा नाही म्हणून शेवटी आतून जाड प्लास्टिकचा तुकडा लावून ट्यूब टाकली. टायरमागे शंभरेक ग्रॅम जास्त गेले तरी चालतील पण साइडवॉल मजबूत घ्या. ते ग्रॅम स्पेअर ट्यूबमध्ये परत मिळतात, २९ इंची चाकाची साधी रबरी ट्यूब दोनशे ग्रॅमच्या आसपास आणि टीपीयूची (पातळ प्लास्टिकची) तिच्या निम्म्याहूनही कमी. सीलंट आपल्या उन्हात लवकर सुकतं, दोन-तीन महिन्यांनी उघडून बघा आणि रेसच्या आठवड्यात ताजं भरा.

हातांची काळजी घ्या. सरळ हँडलबारला दहा-बारा तास एकाच जागी तळवा ठेवला की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, तळव्याच्या कडेची नस दाबली जाते म्हणून. ग्रिपच्या आतल्या बाजूला छोटे बारएंड (पकडायचे दांडे) आणि मधे एरोबार (कोपर टेकवून पुढे धरायचे दांडे) लावलेत, त्यामुळे हात ठेवायच्या जागा बदलता येतात. एरोबार वाऱ्यासाठी असतात असं समजतात, मला ते तळव्यांना विश्रांती म्हणून जास्त उपयोगी पडले.

सामान तीन बॅगांत. जड ते सगळं, म्हणजे टूल, पॉवरबँक, जास्तीचं पाणी, फ्रेमबॅगेत, कपडे सीटबॅगेत, खाणं हँडलजवळच्या पिशवीत. चालवता चालवता एका हाताने निघत नसेल ती वस्तू चुकीच्या ठिकाणी आहे असं समजा. स्ट्रॅप, केबल टाय, स्पेअर बोल्ट पुण्याच्या बोहरी आळीत मिळून जातात, बोल्टला थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लावायला विसरू नका, खराब डांबरावर बाटलीच्या केजचे बोल्ट सगळ्यात आधी सैल होतात.

मांढरदेवीहून वाईकडे उतरताना ब्रेक सतत घासत राहू नका, वळणाआधी जोरात दाबा आणि सोडा, रोटरला (डिस्क ब्रेकच्या चकतीला) गार व्हायला वेळ मिळतो. पॅड मेटलचे घ्या, आवाज करतात पण ओल्यात आणि चिखलात ऑरगॅनिकपेक्षा खूप टिकतात.

रूटबद्दल अजून थोडं. पहाटे चारला निघा, खडकवासल्याच्या पुढे उजेडापर्यंत काही उघडं नसतं. वेल्ह्यात तोरण्याच्या पायथ्याशी पोटभर नाश्ता करा आणि भोरमध्ये सगळ्या बाटल्या भरून घ्या, पुढच्या चढाला सावली कमी आहे. पौष पौर्णिमेच्या आसपास मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेची प्रचंड गर्दी असते, ते दिवस टाळा. परतीला खंबाटकीचा बोगदा लागतो, दिवसासुद्धा मागचे दोन्ही लाइट चालू ठेवा, एक स्थिर आणि एक लुकलुकणारा, आणि जमलं तर अंधाराआधी तो पार करा. शिंदेवाडीच्या पुढे नवीन बोगद्याने न जाता जुन्या कात्रज घाटाने या, शेवटचा चढ आहे पण ट्रक फार कमी. भोरला पोचेपर्यंत दुपारचे दोन वाजून गेले असतील तर मांढरदेवी सोडून तिथूनच कापूरहोळमार्गे परत फिरा.