डुकराला नावं ठेवण्याआधी

दुपारी जेवणं उरकून डोळा लागायच्या बेतात शेजारून आवाज येतो : ‘काय हा पसारा, डुकरा!’ पोर पसारा आवरतं की नाही कोण जाणे, डुक्कर मात्र हकनाक बोलणी खातं.

वास्तविक पुरेशी जागा मिळाली तर डुक्कर झोपायच्या जागी घाण करत नाही. गोठ्यातला लांबचा, ओलसर कोपरा त्याचा ठरलेला. नवी पिल्लं आणली की जाणती माणसं पहिल्याच दिवशी एका कोपऱ्यात बादलीभर पाणी ओततात आणि पिल्लांची पहिली घाण तिथेच पडू देतात. समोरच्या कोपऱ्यात कोरडा पेंढा. दोन दिवसांत पिल्लांना नकाशा कळतो. बिघडतं ते उन्हाळ्यात. डुकराला अंग गार ठेवण्याइतका घाम येत नाही, वर पत्रा तापलेला. मग ते मिळेल त्या ओलीत लोळतं. साध्या पाण्यापेक्षा चिखल सावकाश सुकतो, म्हणून गारवा टिकतो. यात घाणेरडं काय आहे?

गोव्यात परसातल्या काळ्या गावठी डुकरांना पेजेची निवळ, भाताचा कोंडा, गरे काढून राहिलेली फणसाची चारखंडं, असं घरातलं उरलंसुरलं चालतं. हॉटेलातलं खरकटं मात्र चांगलं अर्धा तास उकळूनच घालावं, नाहीतर रोग त्यातूनच येतो. आणि लोणच्याचा खार मुळीच नको. खारट खाणं आणि वर पाण्याचं भांडं कोरडं, अशी गाठ पडली की जनावर भिंतीला डोकं टेकून उभं राहतं, गोल गोल फिरतं. तेव्हा घाबरून बादलीभर पाणी पुढे ठेवणं आणखी वाईट. थोडं थोडंच द्यायचं.

गाभण डुकरिणीचा हिशेब पाठ करायला सोपा : तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. म्हणजे 114 दिवस, भिंतीवरच्या कॅलेंडरात फुली मारून ठेवायचे. आदल्या दिवशी ती तोंडाने पेंढा ओढून ढीग रचते, सड दाबला की दूध येतं. त्या रात्री झोप विसरायची. किलोभराची आठ-दहा पिल्लं आणि दीडशे किलोची आई. ती भिंतीला टेकून धपकन बसली की एखादं खाली सापडतंच. म्हणून भिंतीपासून नऊ-दहा इंचांवर आणि जमिनीपासून तितक्याच उंचीवर आडवा बांबू घट्ट बांधतात. पिल्लू त्याच्या मागे सटकतं. कोपऱ्यात बल्ब हवाच, नाहीतर पिल्लं उबेसाठी आईलाच चिकटतात आणि चिरडतात. तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन. आईच्या दुधात लोह फार कमी.

पण बघण्यासारखी असते ती दुधाची पंगत. पहिल्या दोन-तीन दिवसांत भांडणं होऊन प्रत्येकाचा सड ठरतो, मग अंगावरचं पिणं सुटेपर्यंत तोच. आई तासातासाने एका लयीत घुरघुरते, पिल्लं आपापल्या जागी धावतात, ढुशा देतात. दूध उतरतं जेमतेम वीस सेकंद. जागा चुकली की तेवढी वेळ उपाशी. पुढच्या सडांना दूध जास्त, दांडगी पिल्लं तिथे. अगदी मागच्या सडावर एखादं किडमिडीत.

आठव्या आठवड्यात गिऱ्हाईक येतं, तंगड्या उचलून वजनाचा अंदाज घेतं, मोठी मोठी घेऊन जातं. मागच्या सडावरचं राहतं घरीच. मुलं त्याला नावं न ठेवता एक छानसं नाव ठेवतात, फणसाची चारखंडं हाताने भरवतात.

नाताळपर्यंत.