मोशन सेन्सरचा सेल आणि ग्राहक सेवेचे एकच उत्तर

आमच्याकडे सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि तेही बहुधा अपरात्री. अंधारात हौदाकडे जाताना सासूबाईंचा पाय घसरू नये, म्हणून मी पॅसेज, जिना आणि मागचे दार अशा तीन ठिकाणी झिग्बीवर (घरातल्या उपकरणांच्या, कमी वीज खाणाऱ्या बिनतारी जाळ्यावर) चालणारे बिनतारी मोशन सेन्सर, म्हणजे हालचाल टिपून दिवा लावण्याचा निरोप देणारी उपकरणे, लावले. बसवणे आणि हबशी, म्हणजे सगळ्या उपकरणांचे निरोप घेणाऱ्या मुख्य यंत्राशी, जोडणे विनासायास झाले. खोक्यावर सेल दोन वर्षे चालेल असे छापलेले असताना पॅसेजमधला सेल मात्र काही आठवड्यांतच संपू लागला आणि तिथून मनस्ताप सुरू झाला.

ग्राहक सेवेला फोन केला की एकच उत्तर मिळे, "मॅडम, सेल बदलून पाहा." सेल बदलल्यावरच फोन केला आहे, हे सांगितले की तक्रार नोंदवली जाई, बिलाचा फोटो मागवला जाई, मग सेन्सरच्या मागच्या क्रमांकाचा, मग सेलच्या दोन्ही बाजूंचा; आणि हे सगळे पाठवून झाल्यावर 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे' असा संदेश येई. पुन्हा फोन केला की नवा माणूस, नवा तक्रार क्रमांक आणि फोटो पहिल्यापासून. सेन्सरची वीज नेमकी कशात खर्च होते, हे त्यांच्यापैकी एकानेही विचारले नाही, याचा मला आजही राग येतो. कारण उत्तर तिथेच होते.

असा सेन्सर बहुतेक वेळ झोपलेला असतो. हालचाल टिपायला त्याला काही मायक्रोअँपिअर पुरतात, पण निरोप पाठवण्यासाठी रेडिओ जागा झाला की खर्च मिलिअँपिअरमध्ये, म्हणजे हजारपटींच्या घरात जातो. म्हणून ॲपमधला जोडणीचा नकाशा उघडला, तेव्हा दिसले की पॅसेजमधला सेन्सर थेट हबशी न बोलता हॉलमधल्या स्मार्ट प्लगमार्फत (ॲपवरून चालू-बंद होणाऱ्या प्लगमार्फत) बोलतो. झिग्बीत कायम विजेवर असलेली उपकरणे इतरांचे निरोप पुढे पोचवतात. आमचे सासरे झोपण्यापूर्वी बोर्डावरची सगळी बटणे बंद करतात आणि ती सवय योग्यच आहे. मात्र प्लग बंद झाला की सेन्सर नवा आधार शोधण्यासाठी पुन्हा पुन्हा रेडिओ जागवत राही. नोंदींमध्ये रोज रात्री दहाच्या सुमारास संपर्क तुटल्याची ओळ होती. जिन्यातला सेन्सर थेट हबला जोडलेला होता आणि त्याचा सेल ठणठणीत होता.

प्लग मी इन्व्हर्टरच्या, कधीही बंद न होणाऱ्या पॉइंटवर हलवला आणि सेन्सर त्याच्याजवळ नेऊन नव्याने जोडला, कारण काही सेन्सर जुना मार्ग आपणहून सोडत नाहीत. त्यानंतर त्या जागेचा सेल बदलावा लागलेला नाही आणि हे मी स्वतः शोधून काढले, याचा मला अभिमान आहे.

हब वायफाय राउटरला चिकटून ठेवू नये. दोघेही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, त्यामुळे निरोप अडतात, पुन्हा पाठवावे लागतात आणि सेल झिजतो. आमचे वायफाय चॅनेल १ वर असल्याने झिग्बीसाठी मी त्यापासून दूरचे चॅनेल २५ निवडले.

मागच्या दाराच्या सेन्सरची गोष्ट वेगळी. तो उष्णतेतला बदल ओळखतो, त्यामुळे दुपारच्या उन्हात तापलेला पडदा हलला तरी उठतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की हे वाढते, शिवाय भिंत अंगाइतकी तापल्यावर खरा माणूस त्याला नीट कळत नाही. ऊन पडणार नाही अशा कोपऱ्यात हलवल्यावर तो शांत झाला. दोन निरोपांमधली विश्रांतीही साठ सेकंदांच्या खाली आणू नये. दिवा जास्त वेळ चालू हवा असेल तर ती वेळ हबमध्ये वाढवावी. सेन्सरवरचा लुकलुकणारा दिवाही बंद करावा.

ॲपमधल्या टक्क्यांवर विसंबू नये. लिथियम सेलचा व्होल्टेज बराच काळ जवळजवळ स्थिर राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. चपट्या गोल सेलांपैकी सीआर २४५० मध्ये साधारण ६०० मिलिअँपिअर-तास, तर सीआर २०३२ मध्ये २२० च्या आसपास क्षमता असते, म्हणून खरेदीपूर्वीच सेन्सरला कोणता सेल लागतो ते पाहावे. मुलांनी सेल गिळू नये म्हणून काही कंपन्या त्यावर कडू लेप देतात. त्या लेपामुळे काही उपकरणांत संपर्क नीट होत नाही. अशा वेळी बिनलेपाचा सेल वापरून पाहावा, पण तो आणि संपलेले सेलही चिकटपट्टी लावून मुलांच्या हाती लागणार नाहीत असेच ठेवावेत.