गाडी दान केलीस, मग टॅक्स किती वाचला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. 2024च्या ऑक्टोबरात मी माझी जुनी गाडी एका संस्थेला देऊन टाकली. तेव्हापासून इथे, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, कुणाकडेही जेवायला गेलो की वरणभात पानात पडायच्या आत प्रश्न येतो, ‘टॅक्समध्ये किती सुटले?’ पुण्याहून आईचा प्रश्न वेगळा: ‘चांगली होती की रे, विकली का नाहीस?’ दोघांनाही एकदाच उत्तर देतो.

गाडी 2009ची. जर्मन, लहान चणीची सेडान, सहा सिलिंडर, आत कातडी सीट. तीन वर्षं वापरलेली घेतली होती. न्यू जर्सीत पेट्रोल आपल्या हाताने भरायला कायद्याने बंदी आहे, पंपावरचा माणूसच येऊन विचारतो. त्याला ‘प्रीमियम, फुल’ सांगताना पहिली दोन वर्षं छाती फुगायची, पुढची दहा वर्षं नुसतं पाकीट चाचपायचो. या गाडीला स्टेपनी नाही. ऑइल बघायची कांडीसुद्धा नाही. ऑइल किती आहे ते गाडीच सांगणार, तिच्या मर्जीने.

शेवटी मेकॅनिकने ती लिफ्टवर चढवली आणि मला खाली बोलावून टॉर्च मारला. तीन ठिकाणी ऑइल पाझरत होतं, वॉटर पंप जायच्या बेतात. अंदाजे खर्च 3,200 डॉलर. वर चेक इंजिनचा दिवा लागलेला, म्हणजे इन्स्पेक्शनला नापास ठरलेलीच. डीलरने 600 देऊ केले, तेही उपकार केल्यासारखे. परस्पर विकायची तर दिवा का लागलाय ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगणं आलं. दोघं येऊन गेले. खरं सांगितलं, ते परत आले नाहीत. मग म्हटलं, देऊन टाकू. यात निम्मा तरी कंटाळा होता, हे आईला सांगितलेलं नाही.

एका संस्थेला फोन केला. त्यांचं काम असं, की जुन्या गाड्या दुरुस्त करून नोकरीला जायची सोय नसलेल्या कुटुंबांना द्यायच्या. माझ्या डोळ्यांपुढे चित्र तयार होतं: कुणीतरी आई, मागे दोन पोरं, माझी गाडी. फोनवरच्या बाईंनी मॉडेल आणि साल विचारलं, जरा थांबल्या आणि म्हणाल्या, ‘आम्ही घेऊ, पण कुटुंबाला नाही देणार, लिलावात काढू. तासाला 15-16 डॉलर मिळवणाऱ्या माणसाने हिचा वॉटर पंप कुठून बदलायचा?’ त्यांना हव्यात कोरोला, सिव्हिक. कुठल्याही कोपऱ्यावरच्या गॅरेजात दुरुस्त होतात, भंगारातसुद्धा पार्ट मिळतात.

हे आईला सांगितलं. तिने तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलंय. ती म्हणाली, ‘म्हणजे नचिकेताच्या बापाने दिल्या तसल्या गायी. दूध आटलेल्या, गवतही चावता न येणाऱ्या.’ मी विषय बदलला.

आता टॅक्स. इथे स्थायिक झालेली जुनी मंडळी अजून सांगतात, की गाडी द्यायची आणि जुन्या गाड्यांच्या भावाच्या पुस्तकात छापलेली किंमत वजावटीला लावायची. तसं चालायचं, 2004 सालापर्यंत. पुढच्या वर्षापासून कायदा बदलला. 500 डॉलरच्या वर वजावट मागायची असेल आणि संस्थेने गाडी नुसती विकली असेल, तर जितक्याला विकली गेली तितकीच वजावट. संस्था 1098-सी नावाचा फॉर्म पाठवते, त्यावर तो आकडा असतो. गाडी गरजू माणसाला फुकट किंवा अगदी कमी पैशांत दिली, किंवा संस्थेने स्वतःच्या कामाला वापरली, तर बाजारभाव धरता येतो. माझ्या गाडीची इंटरनेटवरची किंमत 3,800 डॉलर होती. फॉर्मवर आले 1,150.

तेही हातात कुठे येतात? गाडीच्या दानाची वजावट मिळवायला खर्च एकेक करून दाखवावे लागतात. नवराबायकोला 2024 साठी 29,200 डॉलरची सरसकट वजावट तशीही मिळत होती. आमचं घराचं कर्ज फिटत आलंय. प्रॉपर्टी टॅक्स न्यू जर्सीच्या लौकिकाला साजेसा आहे, पण तो आणि राज्याचा टॅक्स मिळून 10,000च्या वर दाखवता येत नव्हते. सगळं मिळवूनही आम्ही 29,200च्या बरेच खाली. तर किती वाचले? शून्य. हे ऐकल्यावर समोरचा माझ्याकडे अशा नजरेने बघतो, की जणू मी पाकीट हरवून आलोय.

गाडी न्यायला टो ट्रक आला त्या सकाळचं एक सांगतो, कारण तुमचंही होईल. न्यू जर्सीत नंबरप्लेट गाडीबरोबर जात नाहीत, आपण काढून सरकारी कचेरीत जमा करायच्या. पावती मिळाली की मगच इन्शुरन्स बंद करायचा. पुढची प्लेट निघाली. मागचा एक स्क्रू पंधरा वर्षांच्या मिठाने आणि बर्फाने असा गंजलेला, की मी अर्धा तास त्याच्याशी झटत बसलो. ड्रायव्हर कॉफी पीत बघत होता. कॉफी संपल्यावर त्याने खिशातून पक्कड काढली आणि दोन मिनिटांत प्लेट माझ्या हातात दिली. टोलचा टॅग काचेवरून काढायची आठवणही त्यानेच केली.

त्यानंतर महिन्याभराने शेजाऱ्याने विचारलं, त्याची 2011ची कोरोला कुणाला द्यावी? मी त्याच बाईंचा नंबर दिला. गाडी कुटुंबाला गेली. त्याच्या फॉर्मवर विक्रीचा आकडा नाही, गरजूला दिल्याच्या चौकटीत खूण आहे.

आईला कळवलं. म्हणाली, ‘ती दुभती होती म्हण.’