समाजशामहिलाय अभ्यास

रात्रीचे अकरा वाजले होते आणि सकाळी दहाला प्रिंट द्यायची होती. समाजशास्त्राची एक संशोधक ताई होती. तिच्या गाइडनं शेवटच्या दिवशी फर्मान काढलं, प्रबंधात जिथं जिथं ‘स्त्री’ आहे तिथं ‘महिला’ करा. मी फाइंड-रिप्लेसमध्ये दोन्ही शब्द टाकले आणि ‘रिप्लेस ऑल’ दाबलं. हजाराच्या वर बदल झाले असं मशीननं सांगितलं, मी खुशीत शटर ओढलं. सकाळी ताई आली, पहिलं पान हातात घेतलं आणि स्टुलावर बसूनच राहिली. ठळक अक्षरात छापलं होतं : ‘ऊसतोड मजूर महिलांचे आरोग्य : एक समाजशामहिलाय अभ्यास’.

‘शास्त्रीय’च्या पोटात ‘स्त्री’ असते हे पंधरा वर्षं टायपिंग करून मला त्या दिवशी कळलं. आत आणखी मजा होती. नवऱ्यांच्या जोडधंद्यांच्या तक्त्यात ‘गवंडी, मिमहिला’. ‘स्त्रीच्या’चं ‘महिलाच्या’. ‘स्त्रिया’ मात्र जागच्या हलल्या नव्हत्या, कारण त्यांची वेलांटी ऱ्हस्व. ताई पाचेक मिनिटांनी हसायला लागली म्हणून वाचलो. दुपारपर्यंत दोघांनी बसून एकेक शब्द दुरुस्त केला. ते पान अजून माझ्या काउंटरच्या काचेखाली आहे. नवीन पोरं ते वाचतात आणि विचारतात, “काका, आमचं नीट कराल ना?”

माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान छत्रपती संभाजीनगरात, विद्यापीठ गेटकडं जाणाऱ्या रस्त्यावर. २००४ साली टाकलं तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. मी मूळचा गेवराई तालुक्यातला. बी.ए. झालो, टायपिंगच्या दोन्ही परीक्षा दिल्या आणि इथंच राहिलो. पीएच.डी. केली नाही, पण पीएच.डी.वाल्यांच्या चुका दुरुस्त करून घर चालवलं. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र यांचे प्रबंध सगळे माझ्याकडं. मेडिकलच्या एम.डी., एम.एस.चे इंग्रजी थिसिस नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जातात, पण पेशंटला द्यायचं संमतीपत्र आणि प्रश्नावली मराठीत लागते, म्हणून डॉक्टरही माझ्या स्टुलावर बसलेले आहेत.

शीर्षकावरून माणसाचा विषय कळतो असं लोकांना वाटतं. मला ते पटत नाही. शीर्षक गाइडचं असतं, कमिटीचं असतं. ‘निवडक’ हा शब्द अमुक कादंबऱ्यांच्या आधी लावला की उरलेल्या न वाचायची सोय होते. शेवटी ‘विशेष संदर्भ : बीड जिल्हा’ आलं की समजायचं, पोराचं गाव तिकडं आहे आणि जायचं-यायचं भाडं वाचणार आहे. खरा विषय बाहेर पडतो तो पेजसेटिंग चालू असताना, चहा आल्यावर. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीवर राज्यशास्त्रात प्रबंध करणारा एक जण सगळ्या तारखा सनावळीसकट सांगायचा, २७ जुलै १९७८ चा विधिमंडळाचा ठराव, १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार. पण त्याचा आवाज बदलायचा तो अठ्ठ्याहत्तर सालच्या दंगलीत जळालेल्या त्याच्या आजोबांच्या घराबद्दल बोलताना. ते घर प्रबंधात कुठंच नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, “काका, ते व्यक्तिनिष्ठ होतं.”

मराठीवाल्यांचं वेगळं. इथल्या विभागात यू. म. पठाण सर होते, प्रभाकर मांडे सर होते. त्यामुळं महानुभाव वाङ्मय आणि लोकसाहित्य हे दोन विषय इथं पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, वडिलोपार्जित जमिनीसारखे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत, म्हणजे एका सांकेतिक लिपीत लिहून ठेवले. एका ताईला त्यातल्या सहा ओळी जशाच्या तशा प्रबंधात हव्या होत्या. माझ्याकडं कसला आलाय त्याचा फॉन्ट! मग तिनं त्या काळ्या शाईनं कागदावर काढल्या, मी स्कॅन करून चिकटवल्या. काढताना ती इतकी रमली होती की माझ्या गिऱ्हाइकांनी रांग सोडून तिच्याभोवती कोंडाळं केलं. चारशे पानांत ती खरी त्या सहा ओळींपुरतीच होती, असं आपलं माझं मत.

मोडीचं तर विचारूच नका. इतिहासाचा एक पोरगा मोडी आणि उर्दू दोन्ही वाचायचा. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडं होता, सरकारी दप्तर उर्दूत. त्यामुळं इथल्या जमिनीचा, माणसांचा इतिहास करायचा तर या दोन्हींशिवाय गत्यंतर नाही. पण दुकानात बसणारे बाकीचे त्याला हसायचे, “याला नोकरी कोण देणार, निजाम?” २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती शिंदे यांची समिती बसली आणि तहसिलांतून मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. कोतवाल बुकं म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या वह्या, जमिनीचा खासरा, जुनी शाळेची रजिस्टरं, सगळं कपाटातून बाहेर आलं. ज्याला कुत्रं विचारत नव्हतं त्याचा फोन दिवसभर लागेना. मला म्हणाला, “काका, आता सगळे एकच शब्द शोधायला लावायलेत. बाकीचं पान कुणी वाचून घेत नाही.” त्याचं दुखणं ते होतं. त्याला कोतवाल बुकातल्या प्लेगच्या वर्षांचे मृत्यू मोजायचे होते.

मेडिकलवाल्यांचा विषय बहुतेक करून ओपीडी ठरवते. तीन वर्षांत संपायला पाहिजे, पेशंट मिळायला पाहिजेत, म्हणून सर्पदंश, कीटकनाशकाची विषबाधा, गरोदरपणातला रक्तक्षय, मधुमेहात चिघळलेले पाय. यात कमीपणा काही नाही. हिंमतराव बावस्कर आपल्या जालना जिल्ह्यातले, भोकरदनजवळच्या देहेडचे. त्यांनी विंचूदंशावरचं काम कोकणात बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात केलं, तेही समोर मरणारी माणसं बघूनच. रक्तदाबाची प्राझोसिन गोळी विंचवाच्या विषावर चालते हे दाखवलं. एरवी गप्प असलेले डॉक्टरही त्यांचं नाव निघालं की खुर्ची पुढं ओढतात.

तर २०१९ चा हिवाळा. त्या एका हंगामात तीन जण माझ्याकडं एकाच वेळी काम घेऊन आले. एक ही समाजशास्त्राची ताई. दुसरा मराठीचा, ऊसतोड बायकांची गाणी आणि फडातली बोली गोळा करणारा. तिसरी एक डॉक्टर मॅडम, पुण्याकडची, ऊसतोड बायकांच्या अंगातलं रक्त मोजणारी. तिघांचं जग एकच, एकमेकांचं नाव माहीत नाही. विभाग वेगळा, गाइड वेगळा, लायब्ररी वेगळी. एका ठिकाणी आले ते माझ्या हार्ड डिस्कवर.

त्याच वर्षी बीडच्या बायकांच्या पिशव्या काढल्याचा विषय पेपरांत गाजला होता. नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींमागं एक.

डॉक्टर मॅडमनी प्रश्नावली कुणाकडून तरी भाषांतर करून आणली होती. पहिल्या शिबिरात पंचवीसेक बायकांनी ती भरली आणि सगळ्या जणी ठणठणीत निघाल्या. मॅडम वैतागून माझ्याकडं नवीन प्रती काढायला आल्या, म्हणाल्या, अक्षर मोठं करा, बहुतेक वाचता येत नसेल. शेजारी समाजशास्त्राची ताई प्रूफ बघत बसली होती. तिनं मान वळवून कागद वाचला. प्रश्न होता, ‘आपणास श्वेतप्रदराचा त्रास होतो काय?’ पुढचा, ‘आपले गर्भाशयोच्छेदन झाले आहे काय?’

“मॅडम, हे मलाच कळंना,” ताई म्हणाली. “‘अंगावरून पांढरं जातं का’ लिहा. आणि खाली ‘पिशवी काढली का’.”

मॅडमनी पेन काढलं. मग ‘वय’ आलं. ताई म्हणाली, आकडा विचारू नका, किल्लारीच्या भूकंपाच्या वक्ताला केवढ्या होता विचारा. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या भागात कुणी विसरत नाही, लग्न झालं होतं का, पोरगं कडेवर होतं का, त्यावरून वय निघतं. मराठीवाला पोरगा तेवढ्यात झेरॉक्सला आला, तोही यात पडला. त्याच्याकडं वहीभर शब्द होते. दुखणं सांगताना बाई ‘कंबर धरली’ म्हणते, ‘अशक्तपणा’ म्हणत नाही, ‘अंगात त्राण नाही’ म्हणते. मी त्या दिवशी बाकीची कामं बाजूला ठेवली.

नमुना निवडीपाशी मात्र तिघंही अडले. मॅडमकडं मुकादमाची यादी होती, तीनशे नावं, सगळी बाप्यांची. बायका कुठं? त्या सुमाराला माझी आई डबा घेऊन आली. आईनं अठरा हंगाम ऊस तोडलाय, सांगलीकडं, कोल्हापूरकडं आणि दोनदा कर्नाटकात. ती दाराशी उभी राहून ऐकत होती.

“त्येत बायका नसत्यात,” आई म्हणाली. “कोयता म्हंजी नवरा-बायकू दोघं मिळून येक. उचल, म्हंजी आगाऊ पैकं, गड्याच्या नावानं. बाईचं नाव कशाला लिवतेत?”

ताईनं हे वाचलेलं होतं, तिच्या प्रबंधात दुसऱ्याच प्रकरणात ‘कोयता’ची व्याख्या आहे. मॅडमला ते नवीन होतं. त्यांना वाटत होतं कोयता म्हणजे हत्यार. मग आईनं खाड्याचं सांगितलं. एक दिवस फडावर गेलं नाही की खाडा, पैसे कापणार. पाळी आली तरी खाडा, ताप आला तरी खाडा. कोपीच्या, म्हणजे राहायच्या खोपटाच्या, जवळ पाणी नाही, आडोसा नाही, पहाटे चारला गाडी भरायची. आई हे सगळं बाजारचा हिशोब सांगावा तसं सांगत होती. मॅडम लिहून घेत होत्या. मी टाईप करत होतो.

नवीन फॉर्म छापून झाला. मॅडम म्हणाल्या, आधी कुणावर तरी वापरून बघायला हवा. आई म्हणाली, मला विचारा. मॅडमनी ओळीनं विचारलं. रक्त कधी तपासलं? पोरं किती? पिशवी काढली का?

“काढली की. धाकटीच्या टायमाला उचल फिटली न्हवती, त्या साली.”

माझी बोटं कीबोर्डवर थांबली. त्या साली मी बारा वर्षांचा, आजीपाशी गावाकडं होतो. मला सांगितलं होतं, आईचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. पोटावरचा तो व्रण मी कैकदा पाहिला होता. पंधरा वर्षं मी ‘ऊसतोड मजूर महिलांचे आरोग्य’ टाईप करत होतो, वेगवेगळ्या पोरींचं, वेगवेगळ्या शीर्षकांनी.

कुणी काही बोललं नाही. आईनंच फॉर्म हातात घेतला. तिला वाचता येत नाही, पण चौकोन मोजता येतात. “ह्येत दोनच घरं का?” तिनं मॅडमला विचारलं.

“हो आणि नाही.”

“मंग ‘काढ’ कुनी म्हनलं, ते कुठं लिवायचं?”

मॅडम काही वेळ कागदाकडं बघत राहिल्या. मग त्यांनी मला खुणेनं फाइल उघडायला लावली. सतरा नंबरच्या खाली ‘सतरा अ’ घातला : पिशवी काढायला कुणी सांगितलं? आई एकेक सांगत गेली, मी घरं पाडत गेलो. डाक्टर. नवरा. सासू. मुकादम. जावा-नणंदा. शेवटी ‘स्वतः’ घालायचं का असं मॅडमनी विचारलं. आई म्हणाली, “घाला. मह्यासाठी त्येच्यावर खूण करा. पर खाली थोडी जागा सोडा.”

जागा सोडल्यामुळं चार पानांचा फॉर्म पाच पानांचा झाला. मॅडमनी तीनशे प्रती सांगितल्या. पाचव्या पानाचे पैसे मी लावले नाहीत.