तीन मिनिटांचं गाणं साठ किलोबाइटमध्ये

छोट्या गेमची फाइल फुगते ती बहुतेक वेळा संगीतामुळे. कोड काही शे किलोबाइट, चित्रं एखादा मेगाबाइट, आणि पार्श्वसंगीत मात्र या सगळ्याच्या कित्येक पट. ४४,१०० हर्ट्झ (सेकंदाला आवाजाची तेवढी मोजमापं, म्हणजे नमुने), १६ बिट, स्टिरिओ अशी न दाबलेली वेव्ह फाइल सेकंदाला १,७६,४०० बाइट खाते. म्हणजे तीन मिनिटांचे जवळजवळ ३२ मेगाबाइट झाले. तेच गाणं ९६ केबीपीएसच्या (सेकंदाला ९६ किलोबिट) ऑग व्हॉर्बिस या दाबलेल्या प्रकारात सव्वादोन मेगाबाइटच्या आत बसतं. पुष्कळांचं काम इथेच भागतं. पण फाइल लहान झाली म्हणजे ती गेममध्ये नीट वाजेलच असं नाही.

एमपीथ्री आधी बाजूला काढू या. गेमचं संगीत सतत फिरून वाजावं लागतं आणि एमपीथ्री नेमकं तिथे अडखळतं. त्याची चौकट १,१५२ नमुन्यांची असते, त्यामुळे गाणं चौकटीच्या हिशेबात बसवायला शेवटी शांतता भरली जाते. सुरुवातीलाही एन्कोडर (फाइल दाबणारा) आणि डिकोडर (ती उलगडणारा) मिळून साधारण १,१०५ नमुने, म्हणजे २५ मिलिसेकंद, पुढे ढकलतात. लेम एन्कोडर ही माहिती फाइलमध्ये लिहून ठेवतो, पण अनेक छोटे डिकोडर ती वाचतच नाहीत. मग दर फेरीला ताल किंचित लंगडतो. ऑगमध्ये नमुन्यांची अचूक संख्या नोंदलेली असते, म्हणून एक फेरी संपून दुसरी सुरू होते तो जोड कळत नाही.

जोड तरीही ऐकू आला, तर दोष बहुधा घुमाऱ्याचा असतो. शेवटच्या सुराची रिव्हर्बची शेपटी फाइल संपते तिथे तुटते. उपाय सोपा आहे: गाणं सलग दोनदा वाजवून एका फाइलमध्ये उतरवायचं आणि दुसरी फेरी तेवढी कापून घ्यायची. पहिल्या फेरीची शेपटी आपोआप दुसरीच्या सुरुवातीवर येते.

डिस्कवरचा आकार आणि मेमरीतला आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही विसरून चालत नाही. ब्राउझरमध्ये वेब ऑडिओने (ब्राउझरची आवाज वाजवायची सोय) अख्खी फाइल उलगडली की प्रत्येक नमुना चार बाइटचा होतो, म्हणजे स्टिरिओला मिनिटामागे २१ मेगाबाइट. तीन-चार गाणी एकदम उलगडली की स्वस्तातला फोन धापा टाकू लागतो. लांब गाणं स्ट्रीम करावं, म्हणजे थोडंथोडं उलगडत वाजवावं, उलगडून ठेवायचे ते फक्त छोटे आवाज.

पण खरी बचत हवी असेल तर ट्रॅकरकडेच जावं लागतं. ट्रॅकर म्हणजे वाद्यांचे छोटे ध्वनिमुद्रित तुकडे (सॅम्पल) आणि ते कधी, कुठल्या सुरात वाजवायचे याचा तक्ता एवढंच साठवणारा प्रोग्राम. त्याच्या फाइलींचा मॉड हा प्रकार १९८७ साली अमिगा संगणकावर आला. एका वेळी वाजणारे चार चॅनल, ६४ ओळींचा तक्ता म्हणजे पॅटर्न, त्यातल्या प्रत्येक घराला चार बाइट, म्हणजे एक पॅटर्न बरोबर १,०२४ बाइटचा. १९९४ च्या फास्टट्रॅकर २ या ट्रॅकरसोबत आलेला एक्सएम त्याहून सोयीचा: ३२ चॅनल, व्हॉल्यूम एन्व्हलप (सुराचा आवाज कसा चढावा-उतरावा याची आखणी), आणि रिकाम्या घराला फक्त एक बाइट. छोट्या गेमसाठी आमची पहिली पसंती एक्सएमलाच.

हिशेब करून पाहा. टेम्पो १२५ आणि स्पीड ६ (ट्रॅकरमधले वेग ठरवणारे दोन आकडे) ठेवला तर एक ओळ १२० मिलिसेकंदांची, एक पॅटर्न ७.६८ सेकंदांचा. बारा पॅटर्न आलटूनपालटून चोवीस वेळा वाजवले की तीन मिनिटं भरली. आठ चॅनलचे हे बारा पॅटर्न मिळून साधारण बारा-पंधरा किलोबाइट होतात. गाणं दुप्पट लांबवलं तरी त्यात फारशी भर पडत नाही. साठातली बाकीची जागा खातात ती सॅम्पल.

म्हणून कात्री सॅम्पलवर चालवायची, आणि तीही सरसकट नाही. किक ड्रमला ११,०२५ हर्ट्झ पुरतात. पाव सेकंदाचा, आठ बिटचा किक पावणेतीन किलोबाइटमध्ये बसतो. हाय-हॅटला मात्र २२,०५० च्या खाली नेलं की ती पत्र्यासारखी वाजते. हा हर्ट्झचा दर निम्मा केला की ट्रॅकरमध्ये त्या सॅम्पलचा रिलेटिव्ह नोट (सूर वर-खाली सरकवणारा आकडा) १२ ने खाली आणायला विसरू नका, नाहीतर सगळं एक सप्तक वर चढतं. आठ बिटमध्ये उतरवण्याआधी सॅम्पल पूर्ण जोरात आणायचं आणि आवाज कमी करायचा तो ट्रॅकरमध्ये. हळू सॅम्पल आठ बिटला नेलं की त्याच्या शेपटीत खरखर येते. बासरीसारख्या मुख्य सुरावटीच्या वाद्याला तर लहरीचं एकच आवर्तन लूप करून चालतं: ३२ नमुन्यांची लहर ८,३६३ हर्ट्झला वाजवली की २६१ हर्ट्झचा मध्य सी मिळतो. फक्त लूपची दोन टोकं एकाच पातळीवर जुळली पाहिजेत, नाहीतर सुरासोबत टकटक ऐकू येते.

आपल्या वाद्यांनाही हे तंत्र छान मानवतं. तबल्याचा ‘धा’ वेगळा साठवू नका. ‘ना’ आणि ‘गे’ दोन चॅनलवर एकाच ओळीत ठेवले की झालं. तानपुऱ्याचं अख्खं आवर्तन घेतलंत तर आठ बिट, २२,०५० हर्ट्झला पाच सेकंदांचे एकशे दहा किलोबाइट जातात. एका तारेचा झणकार घेऊन तोच खर्जावर आणि पंचमावर वाजवला की काम भागतं. जाणकाराला फरक कळेल, पण उड्या मारणाऱ्या माकडाच्या गेममध्ये जाणकार तानपुरा ऐकत बसत नाही. मींडेसाठी ट्रॅकरच्या घरात लिहायचा ‘३’ क्रमांकाचा पोर्टामेंटो इफेक्ट (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा) आहेच.

गेममध्ये वाजवायला रेलिब या गेम बनवायच्या लायब्ररीत एक्सएम आणि मॉडची सोय आधीपासून आहे. स्वतंत्र लायब्ररी हवी तर लिबएक्सएमपी घ्यावी. तिच्यात चॅनल म्यूट करता येतो आणि कुठल्याही जागी उडी मारता येते. शत्रू दिसला की ढोलाचा चॅनल उघडायचा, ही करामत ऑगमध्ये वेगवेगळ्या फाइली एकत्र चालवल्याशिवाय जमत नाही. सुरुवातीचा भाग परत वाजू नये म्हणून शेवटच्या ओळीवर ‘बी’ इफेक्ट (उडी मारण्याची आज्ञा) टाकून हव्या त्या जागेवर परतायचं. ओपनएमपीटी या ट्रॅकरमध्ये गाणं केलं असेल तर प्लगइन टाळा आणि फाइल कम्पॅटिबिलिटी एक्सपोर्टनेच काढा. मिल्कीट्रॅकर मुळातच साधी एक्सएम लिहितो. काहीही वापरलंत तरी गाणं ट्रॅकरमध्ये ऐकून खूश होऊ नका. ते गेममधल्या प्लेअरवर ऐका, कारण इंटरपोलेशन (नमुन्यांमधल्या जागा भरायची पद्धत) बदललं की चिपट्यून, म्हणजे जुन्या गेमच्या धाटणीचं संगीत, एकदम बोथट वाजते.

मिडी फाइल याहूनही लहान असते, पण तिच्यात फक्त सुरांची नोंद असते, आवाजच नसतो. साउंडफाँट (वाद्यांच्या आवाजांचा संच) सोबत द्यायचा तर बचत संपली, आणि न द्यायचा तर प्रत्येक यंत्रावर वेगळंच काहीतरी वाजणार.

आणि साठ किलोबाइटही जास्त असतील तर? जेएस१३के या ब्राउझर गेमच्या स्पर्धेत अख्खा गेम झिप करून १३,३१२ बाइटमध्ये बसवायचा असतो. तिथे सॅम्पलला जागाच नाही. साउंडबॉक्स किंवा झेडझेडएफएक्सएम ही साधनं वापरून सूर आणि वाद्यांचे आकडे तेवढे साठवायचे, आवाज गेम सुरू होताना गणित करून तयार होतो. या गणिताला वेळ लागतो आणि तोवर पडदा गोठतो, म्हणून ते वर्करमध्ये (ब्राउझरमध्ये मागे वेगळं चालणारं काम) टाकून तेवढा वेळ शीर्षकाचा पडदा दाखवावा. तसंही पहिला स्पर्श किंवा क्लिक झाल्याशिवाय ब्राउझर सहसा आवाज वाजवू देत नाही.